विचारा बिनधास्त: नोझल, धूर आणि डिझेल वाचवणारं चुंबक

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून झावळ्यांखाली, इंजिनं खोललेली आणि मालकांना पत्र लिहायला वेळच वेळ, त्यामुळे या खेपेला निम्म्याहून जास्त प्रश्न डिझेल पंप आणि नोझलचेच (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकाचे) आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आपलं पत्र दिसलं नाही म्हणून रागावू नका.

प्रश्न : ट्रॉलर मालक, सर्जेकोट (मालवण)
एक सेल्समन बंदरावर येऊन गेला. डिझेलच्या पाइपावर बाहेरून बसवायचं चुंबक आहे, म्हणतो त्याने डिझेलचे रेणू सुटे होतात, पूर्ण जळतात आणि २० टक्के डिझेल वाचतं. खोक्यावर पेटंट नंबर पण छापलाय. इथे चार-पाच जणांनी घेतलंसुद्धा, ते म्हणतात फरक आहे. खरां काय तां सांगा.

उत्तर : पैसे खिशातच ठेवा दादा.

"पूर्ण जळतं" हाच मुद्दा धरू. बऱ्या अवस्थेतलं डिझेल इंजिन आत गेलेल्या डिझेलपैकी ९८ टक्क्यांहून जास्त आत्ताही जाळतंच. मग उरलं किती, दोन टक्के, त्यातून २० टक्के बचत कुठून काढणार? आपल्याला वाटतं एवढा काळा धूर जातोय म्हणजे अर्धं डिझेल वायाच जातंय, पण धूर डोळ्याला जेवढा दिसतो तेवढा वजनात नसतो. खरा तोटा उष्णतेचा आहे, डिझेलमधली निम्म्याहून जास्त शक्ती सायलेन्सरमधून आणि कूलिंगच्या पाण्यातून निघून जाते, आणि ती पाइपावरच्या चुंबकाने परत येत नाही. त्यात डिझेल काही लोखंड नव्हे, चुंबकाचा त्याच्यावर परिणाम म्हणाल तर नसल्यासारखाच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली इंधन वाचवणारी शंभरावर यंत्रं तपासून बघितली, हातात घेण्यासारखं काही निघालं नाही.

पेटंट नंबराचं म्हणाल तर कल्पना आधी कोणी मांडली नव्हती एवढंच बहुतेक वेळा त्यातून कळतं. पेटंट देणारा अधिकारी तुमच्या बोटीवर बसून मालवण ते वेंगुर्ले डिझेल मोजत नाही. आणि त्या चार-पाच जणांना एक विचारा, चुंबक बसवलं त्याच वेळी फिल्टर बदलला होता का, तळ घासला होता का. बहुतेक हो म्हणतील.

आता डिझेल खरंच कुठे वाचतं ते सांगतो. समजा तुमचं सहा सिलेंडरचं इंजिन १८०० आरपीएमवर तासाला २० लिटर पितंय. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा, तेव्हा प्रत्येक सिलेंडरला मिनिटाला ९०० वेळा डिझेल मिळतं. गुणाकार-भागाकार करून बघा, एका वेळेला येतं साधारण ०.०६ मिलिलिटर, म्हणजे एक थेंब. तो एक थेंब दोनेक मिलिसेकंदात फवारून, हवेत मिसळून पेटायचा असतो, आणि या इंजिनात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे म्हणून चांगले शोध लागले त्यातले बरेचसे या एका थेंबाच्या मागे लागलेत: किती बारीक फवारायचा, नेमका कधी सोडायचा, किती तुकड्यांत सोडायचा. तुमचं चुंबक यातलं काहीच करत नाही.

म्हणून बंदीच्या दिवसांत सगळी नोझलं काढून टेस्टरवर लावा आणि स्वतः समोर उभे राहून बघा. हाताचा पंप मारला की जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात २०० किलोच्या आसपास दाबाला (नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला) नोझल उघडलं पाहिजे, कर्र कर्र आवाज आला पाहिजे, प्रत्येक भोकातून सारखं धुकं निघालं पाहिजे आणि नंतर टोक कोरडं राहिलं पाहिजे. टोकाला थेंब लोंबत असेल किंवा धुक्याऐवजी धार येत असेल तर ते नोझल मुततंय, त्याला बदला. धार पिस्टनवर आपटते, नीट जळत नाही, धूर करते, आणि पुढे पिस्टनला भोक पाडते ते वेगळंच. फक्त त्या धुक्यासमोर हात धरू नका, डिझेल कातडी फोडून आत जातं.

जाता जाता, तळाच्या शिंपल्या घासा आणि येताना आरपीएम थोडे कमी ठेवा. बोटीच्या पाण्यातल्या पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनात वाढते, १० टक्के आरपीएम कमी केले तर ताकद २७ टक्के कमी लागते. फुकटातली बचत आहे पण सगळ्यांना लिलावाला पहिलं पोचायचं असतं, काय करणार.

प्रश्न : डिप्लोमा विद्यार्थिनी, रत्नागिरी
प्रोजेक्टसाठी विचारतेय. फ्युएल इंजेक्शनचा शोध नक्की कोणाचा, रुडॉल्फ डिझेलचा की बॉशचा? आणि कॉमन रेल नवीन टेक्नॉलॉजी आहे ना?

उत्तर : एकाचा नाही, आणि कॉमन रेल (सगळ्या सिलेंडरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) तेवढी नवीन पण नाही, म्हणजे तुझ्या प्रोजेक्टला मसाला भरपूर आहे.

रुडॉल्फ डिझेलने पेटंटसाठी अर्ज केला १८९२ मध्ये, आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली तेव्हा २६ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता भरली, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ते स्वप्नातही शक्य नव्हतं. पण डिझेल आत ढकलायला त्याला दाबलेली हवा लागायची. त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर, तो इंजिनाचीच ताकद खायचा, जड तर इतका की गाडीत बसवायचं नावच नको. म्हणून पहिली डिझेल इंजिनं कारखान्यात आणि जहाजावरच राहिली.

हवेशिवाय नुसतं डिझेलच दाबून फवारायचं, हे १९१० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये व्हिकर्स कंपनीत मॅकेक्नी या इंजिनीयरने जमवलं, आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पाणबुड्यांत सगळ्या सिलेंडरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल द्यायची व्यवस्था होती. म्हणजे कॉमन रेलच की! फक्त व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅम करायचा, कॉम्प्युटर नव्हता. तिकडे जर्मनीत बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजने १९०९ मध्ये प्रीचेंबरचं पेटंट घेतलं, आधी छोट्या खोलीत थोडं पेटवायचं आणि मग तो भडका मोठ्या खोलीत सोडायचा, त्यामुळे कमी दाबाच्या फवाऱ्यावरही भागायला लागलं.

बॉशचं नाव मोठं झालं ते १९२७ पासून. इनलाइन पंप त्यांनी ठोक प्रमाणात बनवायला घेतला तो तेव्हा. त्याच्या प्लंजरवर (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यावर) तिरकी खाच असते, प्लंजर थोडा फिरवला की डिझेल कमी-जास्त होतं. मला विचारशील तर अख्ख्या इतिहासात सगळ्यात देखणी गोष्ट ती तिरकी खाच. पंप खोललेला बघायला मिळाला तर प्लंजर हातात घेऊन बघ, तो आणि त्याचा बॅरल (ज्यात तो सरकतो ती नळी) यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची, केस असतो साठ-सत्तर मायक्रॉनचा.

पुढे ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल जपानच्या डेन्सोने १९९५ मध्ये आणली. कारसाठी फियाटच्या लोकांनी ती घडवली, बॉशने ती विकत घेऊन तयार केली आणि १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ मध्ये आली, दाब होता १३५० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). आज २००० च्या वर सर्रास जातो. अजून पुढचं हवं असेल तर अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचं काम बघ, त्यांनी नोझलच्या प्रत्येक फवाऱ्यासमोर एक छोटी नळी ठेवली, तुमच्या केमिस्ट्री लॅबमधल्या बुन्सेन बर्नरवरून सुचलेली, त्यातून जाताना डिझेल हवेत आधीच नीट मिसळतं आणि काजळी एकदम कमी होते. एवढीशी नळी, पण थेंब पेटायच्या आधीचं काम बरोबर पकडलंय.

प्रश्न : बोटमालक, हर्णै
इंजिन नवीन घ्यायचंय. मुलगा म्हणतो कॉमन रेलचं घेऊ, आवाज नाही धूर नाही. आमचा तांडेल (बोट चालवणारा) म्हणतो जुना पंपच बरा. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे, हीच अडचण.

मुलगा म्हणतो ते का, ते आधी. जुन्या पंपात दाब इंजिनाच्या फेऱ्यांवर असतो, हळू चाललं की दाब कमी, फवारा जाड, धूर. कॉमन रेलमध्ये रेलमधला दाब फेऱ्यांवर अवलंबून नाही, जाळं ओढताना हळू चाललात तरी फवारा बारीकच. शिवाय ती थेंब तुकड्यांत सोडते. आधी चिमूटभर, मग मुख्य. चूल पेटवताना आपण आधी पातेरा पेटवतो मग लाकूड सारतो, तसंच. जुन्या इंजिनात डिझेल पेटायला जरा वेळ घेतं, तेवढ्यात बरंच साठतं आणि मग एकदम भडकतं, सकाळी जो ठाक ठाक ठोका ऐकू येतो तो त्याचा.

आता तांडेल. कॉमन रेलला बॅटरी, सेन्सर, वायरिंग सगळं जिवंत लागतं, आणि खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडायला किती दिवस लागतात ते हर्णैकरांना मी काय सांगू. जुना पंप एकदा चालू झाला की बॅटरी मेली तरी बहुतेक वेळा घरी आणून सोडतो. दुसरं, पाणी. बॅरलमधून डिझेल भरता, बॅरल उघड्यावर, टाकी पावसाळाभर अर्धी रिकामी, आतल्या हवेतली ओल थंडाव्याने टाकीच्या भिंतीवर धरते आणि तळाला उतरते. पाणी आणि डिझेलच्या मधे काळा बुळबुळीत थर जमतो, ती जिवाणूंची वाढ असते आणि ती फिल्टर चोंदवते. पाणी दोघांनाही वाईट, पण जुना पंप थोडाफार सोसतो, कॉमन रेलचा इंजेक्टर सोसत नाही आणि त्याची किंमत ऐकून रडू येतं.

माझं मत विचाराल तर कंपनीचा स्कॅनरवाला माणूस दापोली-खेडमध्ये त्याच दिवशी मिळणार असेल, वॉटर सेपरेटर चांगला मोठा बसवणार असाल आणि त्यातलं पाणी रोज सोडायची शिस्त असेल तरच कॉमन रेल. नाहीतर तांडेलाचं ऐका.

आणि घेतलंत तर एक गोष्ट सगळ्या खलाशांना बजावून सांगा. जुन्या इंजिनावर कुठला सिलेंडर मिस मारतोय ते बघायला आपण चालू इंजिनात पाइपाचा नट सैल करतो. कॉमन रेलवर हे चुकूनसुद्धा करायचं नाही. हजार-दीड हजार बारची बारीक धार बोटात घुसली तर बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखत पण नाही फारसं, आणि आत बोट सडतं. असं झालं तर हळद लावून बसू नका, त्याच तासाला सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

प्रश्न : आंबा बागायतदार, देवगड
बीएस सिक्स पिकअप आहे. सीझनला बाग ते पॅकिंग असे छोटे फेरे, डीपीएफचा दिवा सारखा लागतो. गॅरेजवाला म्हणतो आतून पोकळ करून देतो.

उत्तर : पोकळ करू नका, कायद्यात बसत नाही आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ते कळतं, मग नवीन भानगड. डीपीएफ म्हणजे काजळीची गाळणी, भरली की इंजिन मुख्य फवाऱ्यानंतर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, ते सायलेन्सरकडे जाऊन जळतं आणि ६०० डिग्रीच्या आसपास काजळी जाळून टाकतं. त्याला सलग चालणं लागतं, तुमची गाडी दहा मिनिटांत बंद होते, काम अर्धवट राहतं. वर ते न जळलेलं डिझेल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदला.

आठवड्यातून एकदा नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागा आणि वीस-पंचवीस मिनिटं एका चालीने चालवा, दिवा गेला पाहिजे. आणि साफसफाई चालू असताना गाडी सड्यावरच्या सुक्या गवतात किंवा कलमांखालच्या पातेऱ्यावर उभी करू नका. एप्रिल-मेमध्ये वणव्याला तेवढं निमित्त पुरतं, बाग जाईल.

प्रश्न : गॅरेज मालक, चिपळूण
मी सायलेन्सरला तांब्याची नळी गुंडाळून डिझेल गरम करून पंपाला देतो. धूर नक्की कमी होतो. पेटंट मिळेल का? व्हिडिओ टाकू का?

उत्तर : भाऊ, डोकं चालवलंत हे आवडलं, पण धूर का कमी झाला ते बघू. गरम करून जाळणं जुनंच आहे, जयगडला येणारी मोठी जहाजं जे जाड काळं तेल जाळतात ते १०० डिग्रीच्या वर तापवल्याशिवाय फवारतच नाही. डिझेल मात्र मुळातच पातळ. तापवलं की आणखी पातळ होतं, प्लंजरच्या फटीतून मागे गळतं आणि सिलेंडरला कमी पोचतं. कमी डिझेल म्हणून कमी धूर. माल भरून कुंभार्ली घाट चढवून बघा, पिकप पडलेला कळेल. त्यात तांब्याच्या संगतीने डिझेल लवकर खराब होतं, चिकटा धरतो. आणि सायलेन्सर कुठे कुठे ४०० डिग्रीला जातो, नळी फुटली तर डिझेल पेटायला ठिणगी पण लागणार नाही. ती नळी आजच काढा.

पेटंट या नळीला मिळणं कठीण, आधीची असली भरपूर पेटंटं आहेत, सरकारच्या पेटंट साइटवर फुकट शोधता येतात. पण पुढे काही नवीन सुचलं तर व्हिडिओ टाकायचा नाही, आधी अर्ज. एकदा जगजाहीर केलंत की नवीनपणा गेला. काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करून ठेवता येतो, पूर्ण माहिती द्यायला १२ महिने मिळतात, पेटंट मिळालंच तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. महाराष्ट्राचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो आणि एकट्या माणसाला सुरुवातीची सरकारी फी १६०० रुपये आहे. तपासणीची फी नंतर वेगळी भरावी लागते, ती विसरलात तर अर्ज तसाच बाद होतो.