मोबाईल काढून घेऊ का?

आपलं मूल रात्री-अपरात्री कुठल्याशा ग्रुपवर अनोळखी लोकांशी मरणाबद्दल बोलतंय, हे कळलं की पालक पहिल्यांदा हेच विचारतात. मी समुपदेशक. एक आई तर मुलाचा मोबाईल पर्समध्ये घालूनच माझ्याकडे आली. मुलगा एकोणीस वर्षांचा, ‘नीट’ची तयारी दुसऱ्यांदा करणारा. (तपशील बदलले आहेत.)

आईला बाहेर बसवून मी त्याला सरळच विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला मोकळीक मिळते.

“वाटतं. घरी सांगितलं तर आई रडते, बाबा म्हणतात अभ्यासात मन घाल. तिथे कोणी उपदेश करत नाही.”

अशा ग्रुपवर धीर देणारे असतात, तसे खतपाणी घालणारेही. खतपाणी घालणाऱ्यांचे ग्रुप सोडायला तो तयार झाला. एक मात्र सोडेना. “तिथे एक मुलगा आहे. मी उत्तर दिलं नाही आणि त्याने काही केलं तर?” त्यापायी हा रात्र रात्र जागत होता!

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे दुःखामागचे अविवेकी विचार तपासून पाहणारी. दुःखामागे दडलेली ‘मी हे केलंच पाहिजे’ ही सक्ती मला लवकर ऐकू येते.

“काळजी वाटणं ठीक. पण त्याच्या जिवाची जबाबदारी तुझ्या एकट्यावर, हे कुणी ठरवलं?”

“...मीच.”

“त्याला काय लिहितोस?”

“घरातल्या कुणाला तरी उठव.”

“आणि तू कुणाला उठवलंस?”

बराच वेळ तो गप्प होता. मग चक्क हसला आणि म्हणाला, “आईला आत बोलवा.” मी पन्नास वेळा समजावून जे झालं नसतं, ते त्याच्याच सल्ल्याने झालं. माझं कसब असलंच तर तो सल्ला त्याला परत ऐकवण्यापुरतं.

आईला एवढंच सांगितलं: रडू आलं तर येऊ द्या, पण तोडगा सुचवू नका, ऐका. मोबाईल हिसकावलात तर तो पुढचा ग्रुप लपवेल. मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घेतली. नुसत्या बोलण्यावर मी कधीच विसंबत नाही.

मुलाने कधी, कसं हे ठरवलं असेल, तर मात्र थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. 14416 वर ‘टेली-मानस’ची मोफत सेवा चोवीस तास आहे, मराठीतही. “पोलिसांचं लफडं होईल” म्हणून पालक गप्प बसतात. पण 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं.