प्रेस पार्टच्या बिनना आरएफआयडी टॅग लावण्याबाबत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : भोसरीत आपले प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट बनवण्याचा कारखाना) आहे, चाकणच्या ग्राहक कंपनीने यापुढे आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी ओळखचिठ्ठी, असलेल्या बिनमधूनच (पार्ट ने-आण करण्याच्या खोक्यांतूनच) माल पाठवावा असे कळवले आहे, आणि एका विक्रेत्याने त्याच ओघात प्रत्येक पार्टवरही टॅग लावण्याचा सल्ला दिला आहे. आपले सुमारे १,२०० बिन फिरतीवर असतात, त्यांतले दरवर्षी काही परत येत नाहीत, आणि ही गळती टॅगमुळे थांबेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये माझी एकवीस वर्षे गेली. अशी दोन कामे मी पाहिली. त्यांतले पहिले फसले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्टवरच्या टॅगचा विषय आधी बाजूला ठेवा. आपला पार्ट म्हणजे काही रुपयांचा ब्रॅकेट. त्यावर लावलेला टॅगही काही रुपयांचाच, आणि तो गाडीबरोबर निघून जाणार. बिनवरचा टॅग मात्र शेकडो फेऱ्या करतो, त्यामुळे त्याचा खर्च फेरीमागे नगण्य होतो. ज्या भागाचा एकेक नग पुढे सर्व्हिसमध्ये किंवा रिकॉलमध्ये ओळखावा लागतो, तिथे गणित वेगळे असते. मिशेलिनसारखी कंपनी टायरच्या आतच टॅग बसवते, ते याच कारणाने. ब्रॅकेटला त्याची गरज नाही.

आता धातूचा प्रश्न, जो विक्रेते हसून टाळतात. हे टॅग बॅटरीशिवाय चालतात; रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींतूनच त्यांना ऊर्जा मिळते आणि त्याच लहरींवर ते उत्तर पाठवतात. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, आणि या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर येते. काच आणि प्लॅस्टिक तिला जवळजवळ अडवत नाहीत. पत्रा ती परतवून लावतो आणि पाणी ती शोषून घेते. फास्टॅग याच जातीचा टॅग आहे, आणि तो बॉनेटवर न चिकटवता समोरच्या काचेला आतून चिकटवतात, हे आपण रोज पाहतो. आपल्या प्लॅस्टिकच्या बिनमध्ये मात्र भिंतीला टेकून गंजरोधक तेल लावलेले पोलादी पार्ट असतात, म्हणजे टॅगच्या पाठीमागे पत्र्याची भिंतच उभी राहते.

आमच्याकडे विक्रेत्याने चाचणी रिकाम्या बिनवर घेतली होती आणि सगळे बिन एका दमात वाचले गेले. भरलेले बिन पॅलेटवर पाच थर रचले, तेव्हा मधल्या रांगेतले बिन गप्प बसले. शेवटी टॅग मधल्या भिंतीवरून काढून वरच्या कडेखालच्या पट्टीवर नेला, जिथे पार्ट पोहोचत नाहीत, आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एकेक लावून दोन्ही टॅग एकाच बिन क्रमांकाशी जोडले. बिन धुण्याच्या गरम पाण्यात साधी स्टिकरे महिनाभरात सुटू लागली, म्हणून पुढे कडक कवचाचे टॅग रिव्हेटने बसवले. लोखंडी ट्रॉल्यांसाठी धातूवर चालणारा वेगळा टॅग लागतो. तो साध्या स्टिकरच्या अनेक पट महाग पडतो, पण त्याला पर्याय नाही.

तरीही आमचे पहिले काम फसले, ते टॅग न वाचल्यामुळे नव्हे, तर नको तेव्हा वाचल्यामुळे. डिस्पॅचच्या दारावर चार अँटेना लावले होते, आणि दारातून गेलेला प्रत्येक बिन म्हणजे पाठवलेला माल, अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये केली होती. दुपारच्या सुट्टीत फोर्कलिफ्टवाल्याने दुसऱ्या दिवशीच्या मालाचे पॅलेट दाराच्या आत, सावलीत उभे केले. ते दाराबाहेर गेलेच नव्हते. पण रीडरने ते बिन वाचले, एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) ग्राहकाकडे गेले, आणि संध्याकाळी तिकडच्या रिसीव्हिंगमधून फोन आला की चलनात आहे तो माल टेम्पोत नाही. असे आठवड्यात तीनदा झाल्यावर मुलांनी रीडरची वायर काढून ठेवली आणि पुन्हा हाताने चलन लिहू लागले. मला त्यांचा राग आला नाही.

टॅग वाचला गेला याचा अर्थ एवढाच की तो क्षणभर अँटेनाच्या टप्प्यात होता. तो बाहेर गेला, आत आला की नुसता उभा होता, हे ठरवण्यासाठी दाराच्या आत आणि बाहेर सेन्सर लावून दिशा ओळखावी लागते, रीडरची ताकद मुद्दाम कमी करावी लागते, आणि मुख्य म्हणजे वाचलेली यादी टेम्पोच्या चलनाशी ताडल्याशिवाय कोणतीही नोंद पक्की करायची नाही, असा नियम करावा लागतो. दुसऱ्या कामात आम्ही रीडर सतत चालू ठेवलाच नाही. टेम्पो डॉकला लागला, चलन क्रमांक टाकला, की तो सुरू व्हायचा आणि माल भरून झाला की बंद व्हायचा.

ग्राहकाच्या आग्रहाखातर टॅग लावणाऱ्यांची एक जुनी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग लावण्यास सांगितले. अनेकांनी माल निघताना दारातच टॅग चिकटवून अट पूर्ण केली. खर्च त्यांचा झाला, उपयोग झाला असलाच तर समोरच्याला. आपल्या डिस्पॅचच्या टेबलावर स्टिकरचा रोल येऊन पडला, तर आपलेही तेच होईल. टॅग बिनबरोबर कायमचा राहिला आणि प्रेसजवळ बिन भरतानाच पार्ट क्रमांक, नगसंख्या व बॅच त्याला जोडली गेली, तरच स्टोअरच्या मोजणीचा वेळ वाचतो.

खरेदीबाबत थोडेच सांगतो. परदेशातून स्वस्तात मिळणारा रीडर बहुधा अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी लावलेला असतो. तो इथे चालवता येत नाही. टॅगमध्ये साधारणपणे ९६ बिटचा क्रमांक बसतो. तो कोण देणार, कोणत्या पद्धतीने, आणि टॅग बिघडला तर नवा कोण लिहिणार, हे ग्राहकाकडून लेखी घ्या. प्रत्येक बिनवर तोच क्रमांक बारकोडमध्ये आणि डोळ्यांनी वाचता येईल अशा अक्षरांतही छापा, कारण रात्रपाळीला रीडर बंद पडतोच.

राहिला हरवलेल्या बिनचा प्रश्न. बिन आत्ता कुठे आहे, हे हा टॅग सांगत नाही. तो शेवटी कोणत्या रीडरसमोरून गेला, एवढेच कळते. ग्राहकाच्या रिकाम्या बिनच्या यार्डात रीडर नसेल, तर आपल्याकडून माल गेल्यानंतरचे सारे अंधारातच राहील, म्हणून तशी सोय तिथे आहे का, ते आधी विचारा. आमच्या दुसऱ्या कामात मात्र वेगळेच निघाले. दोन वर्षे आम्ही बिन परत मिळावेत म्हणून ग्राहकाला पत्रे लिहीत होतो, आणि नोंदी पाहिल्या तर हरवलेल्यांपैकी बरेचसे बिन शेवटी आमच्याच मागच्या गेटवर, प्लेटिंगला जाताना वाचले गेले होते. जाऊन पाहिले, तर प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये त्यांत हँगर, जुने हातमोजे आणि भंगार भरलेले होते. त्यानंतर दर शनिवारी आमचा एक माणूस हातातला रीडर घेऊन तिकडे जाऊ लागला.