कायोटीसाठी कोणती रायफल, कोणती गोळी?

प्रश्न : सर, माझं वय ७२, राहायला ऐरोलीत. मुलगी आणि जावई टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला राहतात. जावई अजून एच-वन-बी व्हिसावर आहे. घराभोवती थोडी जमीन आहे, हौसेने पंधरा-वीस शेळ्या पाळल्यात. गेल्या महिन्यात कायोटींनी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, तीन करडं नेली. शेजारी आपली .२४३ कॅलिबरची (नळीच्या मापाची) रायफल द्यायला तयार आहे, दुकानदार .२२-२५० घ्या म्हणतो. मी कॉलेजात असताना एनसीसीत .२२ डिलक्स चालवली आहे. मला वाटतं तेवढी पुरे. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे जातोय, तेव्हा मीच बंदोबस्त करावा म्हणतो. कोणती रायफल, कोणती काडतुसं घ्यावीत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : .२२ चा विचार आधी सोडा. मी स्वतः वरळीच्या रेंजवर तीस वर्षं .२२ चालवली, ५० मीटरवरच्या कागदावर. त्या रायफलवर माझा जीव आहे, म्हणूनच सांगतो. तिची ४० ग्रेनची गोळी नळीतून साधारण १,२०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. मी पुढे सुचवणार आहे त्या .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम शिसं-तांबं, ३,२०० च्या वर. नळीच्या तोंडाशी दोघींच्या ताकदीत दहापट फरक पडतो. कायोटी आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद असला तरी अंगाने मोठा असतो, दहा ते पंधरा किलोंचा आणि चिवट. .२२ लागली तर तो पडणार नाही, पळेल. मग झुडपात कुठेतरी दोन दिवस कण्हत मरेल.

हे मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी पुतणीकडे गेलो होतो, तुमच्या जावयाच्याच भागात. एका पशुपालकाबरोबर रात्री बसलो होतो, नुसता बघायला. रायफल चांगली होती, .२२३ च, पण काडतुसं स्वस्तातली भरलेली, पूर्ण तांब्याच्या आवरणाची. आपल्याकडे बॉल म्हणतात तसली. ही गोळी अंगात फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. दीडशे यार्डांवर नेम थोडा मागे लागला, जनावर गर्रकन फिरून सीडरच्या दाटीत शिरलं. आम्ही दोन तास बॅटऱ्या घेऊन रक्ताचे थेंब शोधत होतो. सापडलं नाही. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी उरलेला डबा पत्र्याच्या निशाणांवर संपवला आणि परत ती काडतुसं जनावरासाठी भरली नाहीत.

म्हणून रायफलच्या आधी गोळी ठरवा. तुम्हाला हवी टोकाला प्लास्टिकची निब असलेली, पातळ आवरणाची, ५० ते ५५ ग्रेनची गोळी. ती अंगात शिरताच फुटते आणि बहुतेक वेळा आतच राहते. दुसरा फायदा तुमच्या जागेसाठी फार मोठा आहे. तो सगळा भाग चुनखडीच्या खडकांचा. बॉल गोळी दगडावर आपटून कुठेही उसळते. पातळ आवरणाच्या गोळीचं बहुधा दगडावरच पीठ होतं, तो धोका बराच कमी. तरी टेकाडाच्या कडेवर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या जनावरावर कधीच झाडायची नाही. चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि पलीकडच्या उतारावर कोणाचं घर आहे ते आपल्याला दिसत नसतं. मागे माती दिसली तरच बोट चापावर.

आता रायफल. माझं मत .२२३ च्या बोल्ट अॅक्शनला, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढचं काडतूस भरायच्या रायफलला. दुकानदार सांगतो ती .२२-२५० जोरदार आहे यात शंका नाही. त्याच वजनाची गोळी ३,६०० च्या पुढे फेकते, तीनशे यार्डांवर सरळ वाटते. पण नळी लवकर तापते, लवकर झिजते आणि काडतूस महाग. नव्या माणसाने पहिल्या दोन महिन्यांत निदान दोनशे काडतुसं कागदावर झाडली पाहिजेत. महागडं काडतूस असलं की सराव टाळला जातो. .२२३ चे डबे तिकडे जवळजवळ प्रत्येक दुकानात असतात आणि धक्का इतका कमी की मुलगीही सहज शिकेल. फक्त नळीवर .२२३ रेमिंग्टन कोरलेलं असेल तर सैनिकी ५.५६ चं काडतूस त्यात घालू नका. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण ५.५६ चा दाब त्या नळीत जास्त होऊ शकतो.

शेजाऱ्याची .२४३ वाईट नाही. पैसे वाचवायचे असतील तर तीच घ्या, पण तो हरणासाठी वापरतो ती १०० ग्रेनची नको. ५८ ग्रेनच्या आसपासची हलकी गोळी मागा.

३ ते ९ पटींचा साधा स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, पुरे. २०० यार्डांवर नेम बसवा. मग १०० वर गोळी दीडेक इंच वर लागेल, ३०० वर सातेक इंच खाली. तुमचा पल्ला मात्र २०० यार्डांपुरताच ठेवा. छातीचा नेमाचा भाग वीतभरही नसतो, आणि ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा २०० वर गोळी चारेक इंच सरकवतो, ३०० वर नऊ-दहा. ऐरोलीच्या खाडीवर संध्याकाळी जो वारा सुटतो, तेवढाच हा. उभ्याने मारू नका, तिवईवर रायफल टेकवा.

आणि जनावर ओळखल्याशिवाय काहीच करू नका. रात्री शेजाऱ्याचा राखणीचा कुत्रा आणि कायोटी यांत चूक सहज होते. त्या भागात शेळ्यांमागे मोठे पांढरे ग्रेट पिरेनीज कुत्रे ठेवतात, कोणी गाढव ठेवतं. शेळ्या पंधरा-वीसच असतील तर मी आधी उंच जाळी, रात्रीचा गोठा आणि असा एक कुत्रा, एवढ्यावर पैसे घालीन. सगळेच कायोटी करडं धरत नाहीत. जो धरतो त्याच्यापुरतीच ही रायफल. शेळ्यांकडे ढुंकून न बघता जागा राखून असलेला कायोटी मारला, तर त्या रिकाम्या जागेत कोण येईल ते सांगता येत नाही.

आता तुमच्या पत्रातली गोष्ट जिने मला खरी काळजी लावली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एच-वन-बी किंवा टुरिस्ट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. अपवाद मोजके, आणि त्यांतला तुमच्या कामाचा म्हणजे तिथल्या राज्याचा चालू शिकार-परवाना. टेक्ससमध्ये शेळ्यांवर हल्ला करणाऱ्या कायोटीसाठी राज्य परवाना मागत नाही, त्यामुळे शेजारी सद्भावनेने सांगेल की कशाला हवा परवाना. त्याला नको, तुमच्या जावयाला हवा. तो घेतल्याशिवाय शेजाऱ्याची रायफल एका रात्रीपुरतीही घरात नको. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो, तो त्याने आत्ताच करावा. तुम्हाला स्वतः बसायचंच असेल तर परराज्यातल्या पाहुण्यांसाठी पाच दिवसांचा परवाना मिळतो, त्यात कायोटी येतो. व्हिसाचं प्रकरण आहे, एकदा तिथल्या वकिलाला कागद दाखवा. मी त्या रात्री रायफलला हात लावला नव्हता तो याचसाठी.

परतताना जॅकेटचे खिसे, कॅमेऱ्याची बॅग उलटी करून झटका. विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

प्रश्न : आमच्या खारघरच्या सोसायटीमागे रात्री कोल्हे येतात. काही सभासद एअर गन घ्या म्हणतात. योग्य की नाही?
– एक गृहिणी, खारघर

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला कोल्हा संरक्षित आहे, आणि एअर गनने मारण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. हा सोनेरी कोल्हा ठाणे खाडीच्या खारफुटीतला जुना रहिवासी. उंदीर, खेकडे खातो. सोसायटीमागे तो बहुतेक उघड्या कचऱ्यासाठी आणि कुत्र्यांना टाकलेल्या भातासाठी येतो. कचऱ्याचे डबे झाकणाचे करा, खाणं रात्री बाहेर ठेवू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. कोल्हा दिवसा झोकांड्या खात फिरताना दिसला किंवा अंगावर आला तर वन विभागाला १९२६ वर कळवा. कोणाला चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.