हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाची रोजची दारू रुग्णालयात एकदम बंद झाली तर काय होते? थोडी थोडी देत राहावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, ते सध्या अतिदक्षता विभागात आहेत आणि कित्येक वर्षे रोज पितात; दारू अशी एकदम तुटल्याने त्रास होईल का, काकांच्या म्हणण्याप्रमाणे थोडी आत नेऊन द्यावी का, आणि यावर संशोधन काय सांगते? काकांच्या सल्ल्याचे उत्तर आधी देते. देऊ नका, थेंबभरही नको. त्रास मात्र होऊ शकतो आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. पण तुमच्या प्रश्नात जे लिहिलेले नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. वडील रोज पितात हे तुम्ही तिथल्या डॉक्टरांना सांगितले आहे का?

मी परिचारिका होते. माझी बहुतेक नोकरी कोल्हापुरात अतिदक्षता विभागात झाली. आता खानापूर तालुक्यात सासरच्या गावी राहते. या विषयावर दोन ओळींत उत्तर देऊन मला थांबता येणार नाही, कारण यावरून आमच्याच घरात पडलेली फूट अजून सांधलेली नाही.

माझे थोरले दीर वीटभट्टी चालवत, गावच्या लक्ष्मी यात्रेच्या कमिटीत पुढे असत, आणि संध्याकाळी भट्टीवरून परतताना नाइन्टीची तीन-चार पाकिटे संपवत. ९० मिलीच्या एका पाकिटात साधारण ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे रोजचे किती झाले याचा हिशोब तुम्हीच करा. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून त्यांना पुन्हा थोडी घ्यावी लागे. हे जाऊबाईंना, मुलांना, भट्टीवरच्या मजुरांना, सगळ्यांना ठाऊक होते. एका दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना बेळगावच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कानडीत "कुडितारेन्री?" (पितात का?) असे विचारले आणि मधल्या भाऊजींनी "इल्ल्री" (नाही) म्हणून विषय तिथेच संपवला. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या, पण थोरल्या-मधल्यांच्या बोलण्यात बायकांनी पडायचे नाही अशी आमच्या घराची रीत. केसपेपरवर "व्यसन नाही" असे लिहिले गेले आणि पुढचे सारे उपचार त्या दोन शब्दांवर चालले.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले तेव्हा स्टेंट बसला होता, ईसीजी सुधारला होता आणि घरचे निर्धास्त झाले होते. थोरल्या भाऊजींच्या हातांना मात्र बारीक कंप होता, कपाळावर घाम होता आणि ते चादरीवरून नसलेले काहीतरी झटकत होते. मॉनिटरवर नाडी फारशी वाढलेली दिसत नव्हती, म्हणून कोणाला शंका आली नाही. नाडी ताब्यात होती, कारण हृदयासाठी त्यांना मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारे औषध, चालू होते. मी सिस्टरना सांगायला निघाले तेव्हा मधल्या भाऊजींनी मला कॉरिडॉरमध्ये अडवले. "कमिटीच्या माणसाला दारुडा म्हणून लिहून घेणार काय? घराची अब्रू आहे का नाही?" हे त्यांचे शब्द. मी तरीही सांगितले. पण शिफ्ट बदलताना ती गोष्ट रात्रीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली नाही. मध्यरात्रीनंतर भाऊजी उठून बसले, सलाईनची सुई उपसून काढली आणि भट्टीतल्या कच्च्या विटांवर पाऊस पडतो आहे, झाका, झाका, असे ओरडू लागले. डॉक्टरांनी त्याला "आयसीयू सायकोसिस", म्हणजे अतिदक्षता विभागात राहून होणारा भ्रम, म्हटले, भ्रमावरच्या हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले आणि हात बँडेजने खाटेला बांधले. पहाटे त्यांना फिट आली. रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे चालू असलेला माणूस अशा वेळी डोक्यावर पडला, तर मेंदूत रक्तस्राव व्हायला काही वेळ लागत नाही.

त्या पहाटे जाऊबाई कोणालाही न विचारता फिजिशियनसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि किती, कधीपासून, शेवटची कधी, हे सगळे त्यांनी सांगून टाकले. तासाभरात शिरेतून लोराझेपाम (मेंदू शांत करणाऱ्या बेंझोडायझेपाइन गटातले औषध) सुरू झाले, थायमिन (जीवनसत्त्व बी१) सुरू झाले, रक्तातले मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासून भरून काढले गेले. संभ्रम ओसरायला पुढचे काही दिवस गेले, पण फिट पुन्हा आली नाही. मधले भाऊजी आजही म्हणतात की इंजेक्शनांनी डोके फिरले होते आणि बायकांच्या तोंडाने घर उघड्यावर आले. पुढचे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि त्यांच्यासाठीही.

इंजेक्शनांनी डोके फिरले की दारू तुटल्याने, हा वाद वैद्यकशास्त्रात सत्तर वर्षांपूर्वीच मिटला. पूर्वी कित्येक डॉक्टरही मानत की हा संभ्रम कुपोषणामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे होतो. १९५५ साली अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इसबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कैदी स्वयंसेवकांना कित्येक आठवडे भरपूर दारू दिली, बरोबर पुरेसा आहार आणि जीवनसत्त्वे दिली, आणि मग दारू एकदम बंद केली. जे जास्त काळ प्याले होते त्यांच्यात कंप, फिट आणि भ्रम दिसले. असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही आणि करूही नये, पण त्यातून कारण ठरले ते ठरले. दारूच्या गुंगीत राहून राहून मेंदू स्वतःला शांत ठेवणारी गाबाची यंत्रणा मंद करतो आणि उद्दीपित करणारी ग्लुटामेटची यंत्रणा वाढवतो. दारू थांबली की गुंगी जाते आणि उद्दीपन तेवढे मागे राहते. कंप आणि घाम ६ ते २४ तासांत सुरू होतात, फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि वॉर्डात ज्याला डीटी म्हणतात तो डिलिरियम ट्रेमेन्स साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान गाठतो. डीटीच्या रुग्णांपैकी पूर्वी तिसरा हिस्सा दगावल्याच्या नोंदी आहेत. आज योग्य उपचार मिळाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आहे.

यात हृदय कुठे येते? दारू तुटल्यावर शरीराला ताणात उत्तेजित करणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. नेमका तोच प्राणवायू झटका येऊन गेलेल्या हृदयाला कमी पडत असतो. रोज पिणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम अनेकदा कमी असतात, त्यामुळे ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. हॅलोपेरिडॉल ईसीजीतील क्यूटी अंतर वाढवते, म्हणजे लय बिघडण्याचा धोका आणखी वाढवते, आणि फिट येणेही सोपे करते, म्हणून दारू तुटलेल्या हृदयरुग्णाला ते एकटेच देणे मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. बेंझोडायझेपाइनचे आवरण असताना काही डॉक्टर ते विचारपूर्वक वापरतात, ती गोष्ट वेगळी.

उपचारांवरचे संशोधन चांगले आहे. १९६९ मध्ये कैम आणि सहकाऱ्यांनी ५३७ रुग्णांवर क्लोरडायझेपॉक्साइड, क्लोरप्रोमाझिन, हायड्रॉक्सिझिन, थायमिन आणि निष्क्रिय गोळी यांची तुलना केली, आणि फिट व डीटी टाळण्यात क्लोरडायझेपॉक्साइड हे बेंझोडायझेपाइन पुढे ठरले. १९९९ मध्ये दारू तुटल्याने फिट आलेल्या रुग्णांना २ मिलिग्रॅम लोराझेपाम शिरेतून दिल्यावर फिट पुन्हा येण्याचे प्रमाण ३ टक्के राहिले, तर निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्यांत ते २४ टक्के होते. १९९४ मध्ये साइट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ठरावीक तासांनी औषध देत राहण्याऐवजी लक्षणांचे गुण मोजून हवे तेव्हाच दिले, तर उपचारांचा काळ मध्यकानुसार ६८ तासांवरून ९ तासांवर येतो आणि औषधही खूप कमी लागते. हे गुण सीवा नावाच्या दहा प्रश्नांच्या मापावर मोजतात. कमाल गुण ६७.

आता तुमच्या प्रश्नाची खरी अडचण येथे आहे. साइट्झ यांच्या अभ्यासातले रुग्ण व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेले होते; त्यांना त्याच वेळी दुसरा गंभीर आजार नव्हता. हार्ट अटॅकचा रुग्ण अशा अभ्यासांतून बहुधा वगळलेलाच असतो. मग तेच माप हृदयाच्या वॉर्डात लावायचे तर घाम, मळमळ आणि बेचैनी हार्ट अटॅकमुळेही असतात. नाडी आणि रक्तदाब त्या मापात मोजलेच जात नाहीत, आणि मोजले असते तरी बीटा ब्लॉकरने ते दाबलेले असतात. १९८५ मध्ये अ‍ॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकरवर झालेल्या चाचणीत या औषधाने नाडी-रक्तदाब लवकर सावरले आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, पण बीटा ब्लॉकर एकटे फिट किंवा डीटी रोखत नाहीत. वर, माप लावायचे तर रुग्णाला प्रश्न समजून उत्तर देता आले पाहिजे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आपल्याच रुग्णालयातल्या १२४ रुग्णांचे कागद तपासले. या पद्धतीने औषध दिलेल्यांपैकी जेमतेम ४८ टक्के रुग्ण त्या पद्धतीला योग्य होते. बाकीच्यांतले काही बोलू शकत नव्हते, आणि बरेच तर नुकते प्यालेलेच नव्हते. एवढ्या मोठ्या रुग्णालयात असे होते, तर केसपेपरवर "व्यसन नाही" लिहिलेल्या माणसाचे आपल्याकडे काय होणार? यंत्रे, स्टेंट, मॉनिटर सगळे असून डॉक्टरांना जी एक माहिती कुठल्याही तपासणीत खात्रीने मिळत नाही, ती घरच्यांच्याच तोंडात असते.

म्हणून सांगते, आणि मधल्या भाऊजींनी हे वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे: "अधूनमधून घेतात", "सणावाराला एखादा पेग" असले मोघम बोलू नका. शेवटची कधी घेतली ती वेळ सांगा, पाकिटे किंवा क्वार्टर मोजून सांगा, गोव्याहून आलेली असो वा गावठी, तेही सांगा. सकाळी घ्यावी लागते का, पूर्वी दारू सुटल्यावर फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेतात का, यकृताचा त्रास आहे का, हेही सांगा, कारण यकृत बिघडलेले असेल तर डॉक्टर डायझेपामऐवजी लोराझेपाम निवडतात. एकाच डॉक्टरांना सांगून थांबू नका. रात्रीच्या ड्यूटीवरच्या सिस्टरनाही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. घरातली जी बाई हे सांगायला पुढे येते तिला गप्प बसवू नका. त्या माणसाचे पिणे रोज तिनेच पाहिलेले असते.

काकांच्या सल्ल्याचे कारणही सांगते. दारूने कंप थांबतो हे खरे, आणि पूर्वी काही रुग्णालयांत ती औषध म्हणून दिलीही जात असे. पण तिची मात्रा सांभाळणे अवघड, ती उतरली की पुन्हा तोच त्रास, आणि चोरून दिलेली डॉक्टरांना ठाऊक नसल्याने तिच्यावर लोराझेपामची भर पडली तर श्वास मंदावू शकतो. ग्लुकोजच्या सलाईनचीही घाई करू नका. थायमिनची कमतरता असलेल्या माणसाला आधी थायमिन मिळाले पाहिजे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

काही गोष्टी येथे जोडणे आवश्यक आहे. रोज पिणाऱ्या प्रत्येकाला डीटी होत नाही. बहुतेकांचा त्रास कंप आणि निद्रानाशावर थांबतो. हार्ट अटॅकच्या रुग्णाला होणारा प्रत्येक संभ्रम दारूचाच असतो असेही नाही. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, पक्षाघात, हे सगळे डॉक्टरांना पाहावे लागते. मी परिचारिका आहे, औषधाची मात्रा ठरवणारी नव्हे. आणि मधल्या भाऊजींच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते: विम्याची भीती खोटी नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसींमध्ये व्यसनाच्या उपचारांना आणि त्याच्या परिणामांना वगळणारे कलम असते, आणि कागदावर दारू लिहिली की दावा अडण्याची शक्यता असते. पण दाव्यासाठी विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तिथे जायला माणूस जिवंत लागतो.

शेवटी, तुमचे वडील घरी आल्यावर कोणीतरी जेवणात न कळत घालायची दारू सोडवण्याची पूड आणून देईल. अशा पुड्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असू शकते. त्यावर माणूस प्याला तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. ती घरात आणूच नका. धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. हृदयाचा डिस्चार्ज पेपर बरोबर घेऊन जा आणि तो तिथल्या डॉक्टरांना आधी दाखवा.