पायांनी आणि पेडलांनी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यवतेश्वरचा घाट मी न थांबता पळतो. जानेवारीत पूर्ण मॅरेथॉनसाठी मुंबईत येतोय. दोन दिवस आधी येऊन शहर पळतच पाहायचा विचार आहे. सपाट रस्त्यासाठी वेगळी तयारी लागेल का? (सातारा)

लागेल, कारण मुंबईत चढापेक्षा दमट हवा जड जाते. साताऱ्यात घाम वाळतो आणि अंग गार होतं. इथे तो नुसता निथळतो, आतली उष्णता आतच राहते आणि वेग तोच ठेवला तरी नाडी चढत जाते. अशा हवेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, दोन दिवसांत ती होत नाही. म्हणून पहिले १० किलोमीटर नेहमीपेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंद सावकाश पळा.

आल्यावर अर्धा तास पळा, आधी आणि नंतर वजन करा. जितकी घट, तितका घाम गेला : १ किलो म्हणजे जवळजवळ १ लिटर. सगळा भरून काढायची गरज नसते. तहानेप्रमाणे, तासाला साधारण ४०० ते ८०० मिलिलिटर पुरतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रम ही त्याची लक्षणं. आणखी पाणी प्यायल्यास ती बळावतात.

शहर पाहायला एक सकाळ मरीन ड्राइव्हला द्या, नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी. दुसऱ्या सकाळी हाजी अलीहून पेडर रोडने केम्प्स कॉर्नरपर्यंत जा, पण चालत. यवतेश्वरपुढे तो चढ काहीच नाही. मात्र वर्षानुवर्षं शर्यतीत तो परतीच्या वाटेवर, मांड्या थकल्यावर लागत आला आहे. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते डोळ्यांनी टिपून ठेवा. (यंदाचा मार्ग आयोजकांच्या नकाशावर तपासा.) या दोन्ही दिवशी घड्याळ खोलीवरच राहू द्या. वेग मोजणाऱ्याची नजर मनगटावर असते आणि शहर बाजूने निघून जातं. वांद्रे-वरळी सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, दुचाकीलाही बंदी आहे. पळणाऱ्यांना तो शर्यतीतच मिळतो, तेव्हा तिथे मान वर करून पळा.

प्रश्न : सायकल बोटीत घालून मांडव्याला उतरायचं, अलिबागला जायचं, कुलाबा किल्ला चालत पाहायचा आणि संध्याकाळी परत. एका दिवसात जमेल? (डोंबिवली)

जमेल, पण आम्ही मुक्काम करा म्हणू. अडचण अंतराची नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात मांडवा, पुढे अलिबाग साधारण २० किलोमीटर. अडचण वाऱ्याची आहे. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, आणि परतीची वाट उत्तरेकडेच जाते. सकाळी सव्वा तासात केलेलं अंतर दुपारी दोन तास खातं, आणि वाऱ्याशी झुंजताना शेवटची बोट गाठायची घाई होते. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर हवा शांत असते.

किल्ला समुद्रात आहे, चालत जायचं तर ओहोटीलाच. म्हणून किल्ल्याचा दिवस सुट्टी पाहून ठरवू नका, तिथी पाहून ठरवा. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच पाऊण म्हणजे पावणेचार, त्याआधी सुमारे सहा तास, म्हणजे दहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगाची असते. पाणी फारसं उतरत नाही आणि वाट ओलीच राहते. पुनवेला-अवसेला पाणी खूप ओसरतं, पण पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून चतुर्थी-पंचमी बरी. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या लोकांना विचारा. ओहोटीच्या तासभर आधी निघा, ओहोटीनंतर तासाभरात परत या. पाणी समोरून येताना दिसेलच असं नाही, सखल भागातून ते मागेही भरत असतं. समुद्राच्या तळावरून चालत गेल्यावर दिवसातून दोनदा बेट होणाऱ्या या किल्ल्याचं बळ जसं कळतं, तसं किनाऱ्यावरून फोटो काढून कळत नाही. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, तीही पाहा.

सायकल किनाऱ्यावर कुलूप लावून ठेवा, ओल्या वाळूत घालू नका. २८ मिलिमीटरच्या टायरला ७० पीएसआयच्या आसपास हवा बास. १०० भरली तर खडबडीत रस्त्यावर तळवे बधिर होतात. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा आणि साखळीला तेल द्या. खारं पाणी रात्रभर राहिलं तरी साखळीवर गंज धरू लागतो.

प्रश्न : साठीतल्या आई-बाबांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालवावं का? (ठाणे)

रोज तासभर चालत असतील तर जरूर. वाट सुमारे ६ किलोमीटर, शेवटी चढ आणि कातळातल्या पायऱ्या. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, म्हणून परत येताना वाहनाने या. वरच्या उतारावर कातळात कोरलेले पाट शोधा आणि त्यांच्या कडेने खाली या. ते पाण्याच्या टाक्यांपर्यंत नेतात. पावसाळ्यात तो कातळ शेवाळाने निसरडा होतो, तेव्हा वर चढू नका. खाऊ पिशवीतच ठेवा, हातात दिसला की माकडं येतात. सोमवारी उद्यान बंद असतं.