लांब रेकॉर्डिंग, अडखळणारी फाईल: शब्दांकन करणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागतो. कापसाची वेचणी आटोपत आली की मेळघाटात, झरी-जामणीकडे म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायला पोरं-पोरी निघतात. त्यानंतर महिनाभरात माझ्याकडे दरवर्षी त्याच तक्रारी येतात: फाईल उघडत नाही, मध्येच अडकते, लिहिलेली वेळ जुळत नाही. शब्दांकनाचं, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून बोलणं लिहून काढण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि यातल्या बहुतेक अडचणी काम सुरू करण्याआधीच्या दहा मिनिटांत टळण्यासारख्या असतात. या वेळचे काही प्रश्न घेतले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न (वडसा): आमच्या मंडळाचं नाटक रात्री १० ते पहाटे ५ असं पूर्ण लॅपटॉपवर वेव्ह फाईलमध्ये घेतलं. फाईल ४.१४ जीबीची आहे, पण शब्दांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबी फक्त १४ मिनिटं दाखवते. बाकीचं नाटक गेलं का?

गेलेलं नाही. फाईलचा आकार ४.१४ जीबी दिसतो आहे, म्हणजे आवाज आत आहे. वेव्ह फाईलच्या सुरुवातीला 'आत किती माल आहे' हे सांगणारा एक आकडा असतो आणि त्या आकड्याला ३२ बिटचीच जागा असते. ४ जीबीच्या पुढचा आकडा तिथे मावत नाही. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर परत शून्यावर यायचा, तसंच इथे होतं. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ या मापाने सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात आणि ६ तास ४५ मिनिटांच्या आसपास ४ जीबी भरतात. तुमचं नाटक ७ तासांचं. वर उरलेली १४ मिनिटं तेवढी आकड्यात दिसत आहेत.

आधी फाईलची प्रत करा. मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इम्पोर्ट' खालच्या 'रॉ डेटा'मधून ती प्रत उघडा: १६ बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ, सुरुवातीचे ४४ बाइट सोडून. माप चुकलं तर नुसता खरखराट येईल, घाबरू नका. रेकॉर्डिंग करणाऱ्या साउंडवाल्याला त्याने कोणतं माप ठेवलं होतं ते विचारा, अंदाजाने बटणं दाबू नका. उघडली की अंकागणिक वेगळी फाईल करून ठेवा.

आणखी एक. ही फाईल पेनड्राइव्हवर जात नसेल तर 'फाईल खराब आहे' असं सांगणारा कुणी ना कुणी भेटेलच. त्याचं ऐकू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्याच्यावर बसतच नाही. तो एक्सफॅट करता येतो, पण तसं करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं. म्हणून ते काम जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा.

प्रश्न (आर्वी): ब्लूटूथ हेडफोनवर प्रत्येक वेळी प्ले केलं की वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. सॉफ्टवेअर बदलू का?

नका बदलू. वायरचा हेडफोन घ्या.

प्रश्न (धारणी): आम्ही दोघी मैत्रिणी कोरकू आजीबाईंच्या मुलाखतींचं शब्दांकन करतो. फाईल एमपी३ आहे, ३ तासांची. मी '१ तास ५२ मिनिटं' अशी वेळ लिहिली, तर तिच्या लॅपटॉपवर त्या जागी भलतंच वाक्य लागतं. फरक कधी २० सेकंदांचा, कधी एक मिनिटाच्या वर. फाईलची एकूण लांबीही दोघींकडे वेगळी दिसते. एका सरांनी सांगितलं की फाईल ३२० केबीपीएसची केली की सगळं अचूक होतं. आमची ४० पानं लिहून झाली आहेत.

तुम्हा दोघींपैकी कुणीही चुकलेलं नाही. हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा येतो आणि प्रत्येक वेळी तो काम अर्धं झाल्यावरच येतो. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

एमपी३मध्ये आवाज बारीक तुकड्यांत बांधलेला असतो. ४४,१०० हर्ट्झच्या फाईलमध्ये एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा, म्हणजे ३ तासांत चार लाखांहून जास्त तुकडे. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला दिलेली जागा, स्थिर असेल तर हे तुकडे जिनिंगमधून निघालेल्या गाठींसारखे असतात, सगळे सारख्या वजनाचे. गाडीचं एकूण वजन पाहून गाठी किती आणि साठावी गाठ कुठे, हे बसल्या जागी सांगता येतं. बिटरेट बदलता असेल तर ती वेचणाऱ्या बायांची गाठोडी समजा. एक भरलेलं, एक अर्धं. आजी बोलत असतात तेव्हा तुकडा मोठा, त्या थांबून विचार करतात तेव्हा लहान. आता '१ तास ५२ मिनिटं कुठे' असं विचारलं तर सॉफ्टवेअरने पहिल्यापासून मोजत जायला हवं. लांब फाईलमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर तेवढा वेळ घालवत नाहीत. अंदाज करतात.

त्या अंदाजासाठी चांगल्या एमपी३च्या सुरुवातीला एक छोटी सूची असते. तिच्यात फाईल कितीही लांब असो, नोंदी १००च. दहा मिनिटांच्या गाण्यात दर ६ सेकंदांना एक खूण, चालून जातं. ३ तासांच्या मुलाखतीत मात्र दर १०८ सेकंदांना एक खूण, आणि मधलं सगळं अंदाजावर. कितीतरी फाईलींत ही सूचीच नसते. मग काही सॉफ्टवेअर पहिल्या तुकड्याच्या वजनावरून सगळ्या फाईलची लांबी ठरवतात. तुम्हा दोघींकडे लांबी वेगळी दिसते ती यामुळे. अंदाज करण्याची प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी, म्हणून उडी दोन ठिकाणी पडते.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ३२० केबीपीएस केल्यावर बिटरेट स्थिर होतो, त्यामुळे उडी ठिकाणावर पडेल. पण आवाज तसूभरही सुधारणार नाही. एकदा दाबताना जे गेलं ते नंतर आकडा वाढवून परत येत नाही. 'तीनशेवीस म्हणजे उत्तम' हे सांगोवांगीचं सोडून द्या. शब्दांकनासाठी सरळ वेव्ह करा: मोनो, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ. ३ तासांची फाईल सुमारे ९५० एमबीची होईल. हे ऑडॅसिटीत होतं, एफएफएमपेगनेही होतं, दोन्ही फुकट आहेत. एकीनेच बदलायची आणि तीच फाईल दोघींनी वापरायची. दोघींनी आपापल्या लॅपटॉपवर वेगवेगळी बदलू नका. इलान (आवाजाला वेळेसह मजकूर जोडणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातही वेव्हच जोडा.

झालेली ४० पानं फेकू नका. पण सगळ्या वेळांमध्ये सरसकट २० सेकंद मिळवून मोकळं व्हायचाही मोह नको. हा फरक प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, एका ठिकाणी जुळवला की दुसरीकडे बिघडतो. वेव्ह फाईल लावा, परिच्छेदाच्या सुरुवातीचं वाक्य कानाने शोधा, वेळ नव्याने लिहा. चार-पाच दिवस जातील. जाऊ द्या.

मी एवढं का सांगतो? एका दंडार (झाडीपट्टीतला लोककलेचा प्रकार) गाणाऱ्या म्हाताऱ्याच्या ५ तासांच्या मुलाखतीचं शब्दांकन मी केलं होतं. ज्या संस्थेने काम दिलं, तिने जागा वाचवायला मूळ वेव्ह फाईल पुसून बदलत्या बिटरेटची एमपी३ ठेवली होती, आणि मी ते न विचारता कामाला लागलो. पुढे संगणक बदलला, सॉफ्टवेअर बदललं, आणि माझ्या वेळा कुठेच लागेनात. त्यांनी एक झाडीबोली शब्द नेमका कसा उच्चारला हे पुन्हा ऐकायला दोन दिवस शोधत बसावं लागलं. ते गृहस्थ आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही. कागदावर लिहिलेल्या ओळीतून परत त्या आवाजाकडे जाता आलं पाहिजे, त्यासाठीच वेळ लिहायची असते.

तुमची मूळ फाईल रेकॉर्डरमध्ये वेव्ह होती का, हे मुलाखत घेणाऱ्याला आजच विचारा. असेल तर ती मागून घ्या. कोरकूसारख्या भाषेचं काम आहे, तेव्हा वेळा कशा लिहायच्या याबद्दल विद्यापीठातल्या भाषाशास्त्राच्या माणसाचा सल्लाही एकदा घ्या.

प्रश्न (झरी-जामणी): तीन आठवड्यांपूर्वी पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) कोलामी गाणी फोनवर रेकॉर्ड करताना बॅटरी संपून फोन बंद पडला. एम४ए फाईल आहे, पण कुठेच वाजत नाही. 'रिपेअर' करणारं एक सॉफ्टवेअर पैसे मागतं आहे. घेऊ का?

आत्ता घेऊ नका. आणि तीन आठवडे थांबायला नको होतं. फोनमधली सफाई करणारी ॲप अशा अर्धवट फाईली कचरा समजून पुसू शकतात.

आधी फाईलचा आकार बघा. शून्य असेल तर आशा फार थोडी. काही एमबी असेल तर आवाज बहुधा आत आहे, फक्त कोणता तुकडा कुठे आहे हे सांगणारी यादी नाही. ती यादी बहुतेक फोन रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितात, तुमचा फोन त्याआधीच बंद पडला. फाईल लगेच संगणकावर काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. मग त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये, त्याच सेटिंगवर दोन मिनिटांचं चांगलं रेकॉर्डिंग करा. तो नमुना धरून तुटलेली फाईल जुळवणारी साधनं आहेत, 'अनट्रंक' नावाचं त्यातलं एक फुकट मिळतं. ते चालवायला थोडी सवय लागते, तेव्हा संगणकाचं शिक्षण घेतलेल्या कुणाकडून करून घ्या.

पैसे मागणाऱ्यांबद्दल: दुरुस्त झालेला आवाज पूर्ण ऐकवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. 'फाईल १०० टक्के ठीक होईल' अशी हिरवी पट्टी दाखवून पैसे घ्यायचे आणि हातात खरखर द्यायची, हा धंदा मी पुष्कळदा पाहिला आहे.

प्रश्न (पांढरकवडा): पेनड्राइव्हवरून थेट वाजवलं की आवाज अडकत अडकत येतो.

फाईल लॅपटॉपवर कॉपी करा आणि तिथून वाजवा. तरीही अडकली तर पेनड्राइव्ह तपासून घ्या, आणि त्याआधी त्यावरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.

प्रश्न (मोर्शी): ब्राउझरमध्ये चालणाऱ्या शब्दांकनाच्या साधनात ३ तासांची फाईल टाकली की पान गोठतं. फाईल तर १५० एमबीचीच आहे. लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आहे. दुकानदार म्हणतो नवीन लॅपटॉपशिवाय इलाज नाही.

दुकानदार लॅपटॉप विकतो, त्याला दुसरा इलाज कशाला सुचेल?

१५० एमबी हा दाबलेल्या फाईलचा आकार झाला. आवाजाची लहर पडद्यावर काढायची म्हणून काही साधनं सगळी फाईल एकदम उलगडून रॅममध्ये ठेवतात, आणि उलगडताना आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला (४४,१०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला असे ४४,१०० नमुने) ४ बाइट देतात. ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ, ३ तास: ३.८ जीबी. तुमच्या लॅपटॉपची सगळी रॅम त्यातच गेली. मोनो केली तर निम्मी होईल. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे केले तर अडचणच राहणार नाही. तुकड्यांच्या नावात मूळ फाईलमधली सुरुवातीची वेळ लिहा. नाहीतर संगणकावर बसवायचं सॉफ्टवेअर घ्या. प्राटमध्ये लांब फाईलसाठी 'ओपन लाँग साउंड फाईल' अशी वेगळी सोय आहे, ती सगळी फाईल रॅममध्ये घेत नाही.

आणि लिहिलेला मजकूर रोज बाहेर काढून ठेवा. अशी काही साधनं तो ब्राउझरच्या साठ्यातच ठेवतात. कुणी 'हिस्टरी' साफ केली की गेला. एवढं करूनही पान गोठत असेल तर लॅपटॉप विकत नाही अशा माणसाला तो दाखवा.

प्रश्न (हिंगणघाट): भावाने ऑडॅसिटीची '.एयूपी३' फाईल पाठवली, सॉफ्टवेअर उघडत नाही.

ती प्रकल्पाची फाईल आहे. भावाला वेव्ह म्हणून 'एक्सपोर्ट' करून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

प्रश्न (धानोरा): आमच्या ग्रामसभेची बैठक ३ तास चालली. रेकॉर्डिंग मात्र पावणेतीन तासांत संपतं आणि सगळ्यांचे आवाज बारीक, घाईघाईत बोलल्यासारखे येतात. मधलं बोलणं कापलं गेलं असं काही जण म्हणताहेत. वनहक्काच्या दाव्यावर चर्चा होती, म्हणून वाद वाढला आहे.

कापलेलं दिसत नाही. ४४,१०० हर्ट्झने घेतलेला आवाज ४८,००० समजून वाजवला तर तो सुमारे ९ टक्के जास्त वेगाने धावतो, आणि ३ तासांचे जवळजवळ २ तास ४५ मिनिटं होतात. तुमचा हिशेब नेमका तोच आहे. काही कापलं असतं तर वेळ कमी झाली असती, आवाज बारीक झाला नसता.

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूत जाऊन रेट ४४,१०० करा. आवाज मूळ पट्टीत येतो का ते ऐका. ओळखीच्या दोन-तीन जणांचं बोलणं लावून त्यांनाच विचारा.

पण हे कुठल्या फाईलवर करायचं ते नीट ऐका. मूळ फाईलला हात लावायचा नाही. ज्या फोनवर किंवा रेकॉर्डरवर बैठक घेतली त्यातली फाईल तशीच राहू द्या आणि सगळा प्रयोग प्रतीवर करा, तोही आक्षेप घेणाऱ्यांना समोर बसवून. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे दाव्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. इतिवृत्त लिहिताना शंका आली तर रेकॉर्डिंग मदतीला येतं, ठरावाची जागा ते घेत नाही. म्हणून शब्दांकन कुणालाही देण्याआधी ग्रामसभेच्या सचिवांशी आणि वनहक्क समितीशी बोला, आणि मूळ फाईल कोणाच्या ताब्यात आहे हे त्यांच्याकडून आधी लिहून घ्या.