नागपुरात योग शिकायचा आहे. फीवाला क्लास लावू की मोफत वर्गाला जाऊ? मोफत म्हणजे दर्जा कमी असतो का? आणि मनीषनगरजवळ असा वर्ग कुठे आहे?

मोफत वर्गाला जा. तुमचा दुसरा प्रश्न मात्र जिव्हारी लागला, म्हणून लिहायला बसले. आमचे भाऊजी दर दिवाळीला मला हेच ऐकवतात, "वहिनी, फुकटाला किंमत नसते."

रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून याच शहरात फी न घेता शिकवतं. मी तिथलीच. आता वस्तीतल्या देवळाच्या सभागृहात पहाटे वर्ग घेते, तोही विनामूल्य.

काही वर्षांपूर्वी घरोघरी पोळ्या करणाऱ्या एक बाई यायला लागल्या. उजवा खांदा पार आखडलेला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, पण घरी करणार कधी? अंबाडासुद्धा मुलगी बांधून द्यायची. बाकीचे सर्वांगासन, हलासन करत आणि या भिंतीकडे तोंड करून बोटं इंचाइंचानं वर सरकवत. सोबत श्वास, मग शवासन. कितीतरी दिवस एवढंच. शेजारची एक जण म्हणाली, "काहून ताई, यांना पुढचं काही शिकवून नाही राहिल्या?" मी नाहीच शिकवलं. खांदा तयार नव्हता. उन्हाळा सरला, पावसाळा लागला आणि एक दिवस त्या स्वतः अंबाडा बांधून आल्या. मला फी विचारली. नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी येऊन सभागृह झाडायला लागल्या. भाऊजींना कुठली किंमत हवी आहे?

महिन्याचे पैसे घेतले की महिन्याभरात काहीतरी करून दाखवावं लागतं. ओळखीतल्या एकांना मानेच्या मणक्याचा त्रास होता, तरी क्लासमध्ये लगेच शीर्षासनाला लावलं. मान धरली, पट्टा लागला. मला अशी घाई करावी लागत नाही. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखम्’ एवढीच केलीय, लवचीकपणाचं नावही नाही.

आता हेही सांगायला हवं, की सगळेच फी घेणारे वाईट नसतात. ज्यांचं पोटच त्यावर आहे त्यांनी घ्यावी. मोफत वर्गात गर्दी असते, प्रत्येकाकडे लक्ष पुरत नाही. स्लिप डिस्क असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टर, मग एकट्याला शिकवणारा जाणकार शिक्षक, आणि तिथे पैसे मोजावे लागले तर मोजा. बीपी असेल तर कपालभाती व्हिडिओ बघून मुळीच करू नका.

मनीषनगरजवळ कुठे वर्ग आहे, तेही विचारलंय तुम्ही. ते रामनगरला मंडळात जाऊन विचारा. वर्गाला रिकाम्या पोटी जा, सतरंजी न्या आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा.